ज्यांच्या नावाचं कॉलेज, त्यांचं आवारातलं स्मारक कसं असावं? (सल्ला हवा आहे)

पहिला बाक

नमस्कार मंडळी. लिहिणं जरा लांबणार आहे, पण मला खरोखरच सल्ला हवा आहे.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं, लोकवर्गणीतून उभं राहिलेलं. ज्यांचं नाव कॉलेजला आहे त्यांना सगळं गाव 'गुरुजी' म्हणायचं, मीही इथे तेच म्हणते. गावाचं आणि त्यांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या कॉलेजचा नाही. गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शाळा संपली की पोरी घरी बसतात, पोरं मुंबईची वाट धरतात, हे बघून त्यांनी आपला विहिरीखालचा मळा कॉलेजसाठी दिला. सुट्टीच्या दिवशी सायकलवर वाड्यावस्त्या फिरून वर्गणी गोळा केली. पैसे नसतील तर ज्वारी घ्यायची, तीही नसेल तर बांधकामावर अंगमेहनत. ते गेल्यावर संस्थेने कॉलेजला त्यांचं नाव दिलं.

आता सुवर्णमहोत्सव तोंडावर आहे. समितीचा बेत असा: प्रवेशद्वारासमोर गुरुजींचा ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा, वर मेघडंबरी, भोवती कारंजं, रात्री दिवे. निधी माजी विद्यार्थ्यांनी जमवायचा. पुतळ्याला माझा विरोध नाही. मला काळजी आहे ती वेगळी.

कारण गुरुजींचा एक अर्धपुतळा आत्ताही आहे, ऑफिसच्या जिन्याशेजारी. दर जयंतीला त्यावर सोनेरी ऑइलपेंटचा हात बसतो. थरावर थर चढून चष्म्याची काडी आणि कान एक झालेत, ओठांची रेघ बुजून गेलीय. खाली संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर अनावरण करणाऱ्या मंत्रिमहोदयांचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, झाडून सारे सदस्य, प्राचार्य आणि शेवटी ठेकेदार. गुरुजींच्या नावामागे 'कै.' लावलंय, त्यापलीकडे त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. मळा दिला हेसुद्धा नाही.

यंदा प्रवेशाच्या दिवसांत मी मदत कक्षात बसत होते. एका मुलीने त्या पुतळ्याकडे बोट करून विचारलं, "मॅडम, हे कोण? पहिले प्रिन्सिपॉल का?" रांगेत मागे उभ्या असलेल्या चार-पाच जणींपैकी कोणालाच उत्तर ठाऊक नव्हतं. आणि त्या सगळ्या ज्या जागी उभ्या होत्या तो गुरुजींचा मळा!

तर नवीन स्मारक असं कसं करायचं की विचारणाऱ्या मुलीला तिथल्या तिथे उत्तर मिळेल? तुमच्या कॉलेजात काय आहे? पुतळा बघितला की माणूस कळतो असं तुम्हाला वाटतं का? आणि ओतकामातलं, परवानग्यांचं जाणणारं कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

सातारकर

पहिला बाक, तुमच्या गुरुजींची हकीकत वाचून आमचे अण्णा आठवणार नाहीत तरच नवल.

कर्मवीर भाऊराव पाटलांची समाधी साताऱ्यात त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयाच्या परिसरात आहे. २२ सप्टेंबरला, जयंतीला, तिथे शाळा-कॉलेजांची पोरं रांगा लावतात. पण मला सांगायचं आहे ते साताऱ्याच्या कॉलेजबद्दल. अण्णांनी १९४७ साली कॉलेज काढलं, त्याला स्वतःचं नाव दिलं नाही, छत्रपती शिवाजी महाराजांचं दिलं. पुढे कोणी धनिक मोठी देणगी द्यायला तयार झाला, अट एकच, कॉलेजचं नाव बदलायचं. त्यावर अण्णांनी दिलेलं उत्तर आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं: एक वेळ जन्मदात्या बापाचं नाव बदलीन, पण महाराजांचं नाव बदलणार नाही. पैशांची ओढाताण कायमची असलेल्या संस्थेचा चालक हे बोलला, हे लक्षात घ्या.

ही गोष्ट दर पिढीला माहीत आहे ती पुतळ्यामुळे नव्हे. ती सांगितली जाते म्हणून. दर जयंतीला कोणीतरी शिक्षक उभा राहून सांगतो. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही ठेवलं नाही, तेही असंच सांगत आलेत. तुमच्या गुरुजींबद्दल जयंतीला कोण बोलतं? की नुसता हार घालून, नारळ फोडून सगळे चहाला जातात?

पहिला बाक

हार, नारळ आणि पाहुण्यांचं भाषण. पाहुणे बाहेरचे असतात, त्यांना गुरुजी माहीत नसतात. ते 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर बोलतात. तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत.

वडाचा पार

मी थोडं वेगळं मत मांडतो.

पुतळा नको, त्याऐवजी ग्रंथालय करा, शिष्यवृत्ती द्या, असं म्हणायची शिकल्यासवरल्या लोकांत पद्धत पडलीय. या धाग्यावरही लवकरच कोणीतरी म्हणेल, म्हणून आधीच लिहितो. पुतळ्याला कमी लेखू नका. ज्यांच्या घरात भिंतीवर आजोबांचा फोटोसुद्धा नाही, कारण आजोबांचा कधी कोणी फोटोच काढला नाही, अशा घरातून मुलं तुमच्या कॉलेजात येतात. त्यांना आपल्यासारख्याच टोपी-धोतरातला माणूस ब्राँझमध्ये, फाटकाशी, मान वर करून बघावा लागेल इतका उंच उभा दिसणं, यात फार मोठं काहीतरी आहे. पुतळे आजवर राजांचे, लाटसाहेबांचे, शेठजींचे झाले. एका प्राथमिक शिक्षकाचा होतोय तर होऊ द्या आणि चांगला होऊ द्या.

पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव २०१४ ला मिळालं, मुख्य इमारतीच्या आवारात पूर्णाकृती पुतळा बसला तो २०२२ च्या फेब्रुवारीत. नाव कागदावर असतं, प्रमाणपत्रावर असतं. पण तिथे पायाशी उभं राहता येतं. पहिल्यांदा विद्यापीठात आलेल्या मुलीने आईला सोबत घेऊन तिथे उभं राहावं, यासाठी मूर्ती लागते. पाटी पुरत नाही.

करवीरकन्या

वडाचा पार यांच्याशी सहमत, पण पुतळा *कुठे* आहे यावर सगळं अवलंबून आहे.

आमच्या कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० सालचं. गोपाळ कृष्ण गोखले तिथे शिकले. आता कोणालाही विचारा, हे राजाराम कोण? दहातले बरेच जण शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम म्हणतील, काही जण शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम म्हणतील. हे दोघेही नव्हेत. कॉलेजला नाव आहे ते शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतल्या राजाराम महाराजांचं. १८६६ ला गादीवर आले. १८७० मध्ये इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, शाळा, कारखाने, पार्लमेंट बघितलं आणि रोज रोजनिशी लिहिली. परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच वारले. वय जेमतेम वीस. आपल्या धर्माप्रमाणे दहन व्हावं म्हणून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. पुढे १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभारली, आत त्यांचा रंगीत अर्धपुतळा बसवला. छत्री मेजर मँटची, ज्याने नंतर कोल्हापूरचा नवा राजवाडा केला. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. १९७० च्या दशकात तिथे जवळच मोठा पूल झाला, त्यालाही 'हिंदी माणसाचा पूल' अशाच अर्थाचं नाव आहे.

म्हणजे बघा, फ्लॉरेन्समध्ये सकाळी पळायला येणाऱ्या इटालियन माणसाला हा कोण तरुण राजा, हे पाटीवर वाचायला मिळतं. आमच्या पोरांना ते कोल्हापुरात ऐकायला मिळत नाही. मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं. वीस वर्षांचा मुलगा! एफवाय-एसवायच्या वर्गातल्या पोरांच्याच वयाचा. त्याच्या रोजनिशीतलं एक पान जरी फाटकाशी लावलं तरी पोरं थांबून वाचतील. ती रोजनिशी १८७२ मध्ये छापून आलेली आहे.

मुंबईतही तेच. ब्रिटिश गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा पुतळा टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीत, त्याच्या नावाचं कॉलेज वेगळीकडे.

तर पहिला बाक, पुतळा असा ठेवा की मुलं रोज त्याच्या *बाजूने* जातील. मेघडंबरी आणि कारंजं केलंत की माणूस लांब जातो. कारंजं चार दिवस चालतं, मग त्यात शेवाळ साचतं.

पहिला बाक

करवीरकन्या, हे मला काहीच माहीत नव्हतं! रोजनिशीच्या पानाची कल्पना तर फारच आवडली. गुरुजींच्या हातची वर्गणीची वही त्यांच्या नातवाकडे आहे. कोणी किती ज्वारी दिली, कोणी किती दिवस बांधकामावर काम केलं, सगळं त्यांच्या अक्षरात. पानांच्या कडा झिजल्यात, पण वाचता येतं.

जुनं दप्तर

ती वही आधी स्कॅन करून घ्या. बाकी सगळं नंतर. मी ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस आहे, कळकळीने सांगतो. लॅमिनेशन अजिबात करू नका, सेलोटेप लावू नका. टेपचा डिंक पिवळा पडून कागद खातो. मूळ वही आम्लविरहित कागदात गुंडाळून कपाटात राहू दे आणि बाहेर प्रत लावा.

आता परवानग्यांचं. आवार संस्थेचं असलं तरी महापुरुषाचा वा कोणाचाही पुतळा आपल्या मनाने उभारता येत नाही. त्यासाठी शासनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. जागेची मालकी, चौथऱ्याचे आराखडे, पोलिसांचा अभिप्राय, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि पुढच्या देखभालीची हमी, असा सगळा पसारा असतो. वेळ लागतो. सुवर्णमहोत्सवाची तारीख धरून मागे मोजत बसू नका, आत्ताच अर्ज तयार करा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये रस्ते, पदपथ अशा सार्वजनिक वापराच्या जागी नवे पुतळे उभारायला मनाई केलेली आहे, त्यामुळे फाटकाबाहेर, रस्त्याकडेला जागा बघत असाल तर तो विचार सोडा. फाटकाच्या आतच.

आणि देखभालीची हमी हा नुसता कागद समजू नका. दरवर्षी कोण, काय, कोणत्या पैशातून करणार, हे ठरावात लिहा. निधीतला काही भाग मुदत ठेवीत टाका आणि व्याज फक्त स्मारकाच्या देखभालीला, असा ठराव करून ठेवा. नाहीतर पुन्हा सोनेरी ऑइलपेंट ठरलेला.

ओतारी

धागा आत्ता बघितला. आमचं घरचं काम ओतकामाचं, म्हणून लिहितो.

१. सगळ्यात आधी, आहे त्या अर्धपुतळ्याबद्दल. आतून तो ब्राँझचा असेल तर रंग काढता येतो. घासायला तारेचा ब्रश, पॉलिशपेपर, अ‍ॅसिड काही लावू देऊ नका. जाणकाराकडून रंग उतरवून घेतला की चेहरा पुन्हा मिळेल. सिमेंटचा किंवा फायबरचा असेल तर आशा कमी.

२. नवीन पुतळा. शिल्पकार आधी शाडूत मूर्ती घडवतो. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून मेणाची प्रत, मेणावर पुन्हा आवरण चढवून भट्टीत तापवायचं. मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांत ओतून मग जोडतात, सांधे घासून एकजीव करतात. तुमच्या हातात काय ते मातीच्या टप्प्यावरच आहे. गुरुजींना जवळून बघितलेली माणसं, मुलगी, नातू, शेजारी, जुने विद्यार्थी, यांना शाडूच्या मूर्तीसमोर नेऊन उभं करा. घाई करू देऊ नका. "नाक असं नव्हतं", "मान जरा पुढे असायची" हे तेव्हाच बोलायचं. एकदा साचा घेतला की संपलं.

३. फोटो. एका समोरच्या फोटोवरून केलेला पुतळा बाजूने बघितला की कोणा दुसऱ्याच माणसाचा वाटतो. बाजूचा फोटो शोधा, लग्नाच्या वऱ्हाडातला असो, वर्गाच्या ग्रुप फोटोतला असो. टोपीची घडी कशी, धोतराचा सोगा कुठे, कोटाला बटणं किती, चष्मा गोल की चौकोनी, खिशात पेन कोणत्या बाजूला, पायात वहाणा की बूट, हे सगळं लेखी द्या. शिल्पकाराला माहिती मिळाली नाही की तो सरसकट 'पुढाऱ्याचा पुतळा' करतो, एक हात वर आणि एका हातात पुस्तक.

४. धातू. पुतळ्याला सर्रास वापरतात त्या मिश्रणात तांबं ८५ टक्के, बाकी कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के असं प्रमाण असतं. करारात धातूचं प्रमाण, भिंतीची जाडी आणि वजन लिहून घ्या. ओतल्यावर नमुना प्रयोगशाळेत तपासा. फायबरवर ब्राँझ रंग मारून देणारे पुष्कळ आहेत. उन्हात काही वर्षांत तो रंग उडतो.

५. आतला सांगाडा. बाहेरून ब्राँझ आणि आतून साधं लोखंड असेल आणि पाणी आत शिरलं तर लोखंड झपाट्याने गंजतं. दोन वेगळ्या धातूंची गाठ आणि ओल, हे वाईटच. सांगाडा स्टेनलेस स्टीलचा, पायाशी पाणी निघायला भोकं आणि चौथऱ्याचं गणित स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीचं. मालवणला राजकोटावर ऑगस्ट २०२४ मध्ये महाराजांचा पुतळा कोसळला, उभारून वर्षही झालं नव्हतं. त्यानंतर तरी कोणी या बाबतीत हयगय करू नये.

६. उंची. उघड्यावर माणसाच्या मापाचा पुतळा लहान दिसतो, म्हणून सव्वापट ते दीडपट करतात. चौथरा मात्र बुटका ठेवा. चेहरा दिसला पाहिजे. दहा फुटी चौथऱ्यावर चढवलेल्या माणसाच्या वहाणाच दिसतात.

वडाचा पार

ओतारीदादा, जबरदस्त प्रतिसाद. बुटक्या चौथऱ्याचं मीही मान्य करतो, वर "मान वर करून" लिहिलं होतं तरी.

तास क्रमांक तीन

मी सध्या एका ग्रामीण कॉलेजात शिकवते. स्मारक 'वापरात' असलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

पुण्याच्या हिंगण्याचं उदाहरण घ्या. महर्षी कर्व्यांना रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी तिथे सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, त्यावर कर्व्यांनी झोपडी उभारली आणि १९०० साली विधवांसाठीचा आपला आश्रम तिथे नेला. ती झोपडी स्मारक म्हणून जपलेली आहे. मुलींना घेऊन गेलं की मला काही बोलावं लागत नाही. समोर संस्थेच्या मोठाल्या इमारती आणि मध्ये एवढीशी झोपडी. त्या स्वतःच विचारायला लागतात, "मॅडम, इथे किती जणी राहत होत्या? रात्री भीती नसेल वाटत?" कर्वे १०४ वर्षं जगले, भारतरत्न झाले, हे त्या पाठ करतात आणि विसरतात. झोपडी विसरत नाहीत.

तुमच्याकडे ती विहीर अजून आहे का? ज्या विहिरीखालचा मळा गुरुजींनी दिला ती?

पहिला बाक

आहे! सायकल स्टँडच्या मागे. वर लोखंडी जाळी टाकलीय, भोवती मोडकी बाकडी रचून ठेवलीत. दगडी बांधणी मात्र सुरेख आहे आणि मोटेचं पाणी जिथे ओतलं जायचं त्या थारोळ्याचा दगड अजून जागेवर आहे, दोरानं घासून पडलेल्या खाचांसकट. इतकी वर्षं मी तिथे स्कूटर लावली पण मनात कधी आलं नाही. तास क्रमांक तीन, तुमचे आभार कसे मानू?

तास क्रमांक तीन

मग स्मारकाची जागा सापडली तुम्हाला. फाटकाशी नको, विहिरीशी करा. बाकडी उचला, दगडी पार बांधा, मुलं डबा खायला तिथे बसतील. जाळी पक्की ठेवा मात्र.

सातारकर

लाख बोललात. पुतळा विहिरीकडे तोंड करून.

एक आणखी. कराडच्या कॉलेजला कर्मवीर अण्णांनी सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं, १९५४ साली, बाबा हयात असताना. बाबांनी आयुष्यभर मूर्तीपुढे हात जोडणाऱ्यांना हातात खराटा घ्यायला सांगितलं. ज्यांच्या नावाचं कॉलेज, त्यांनी जे काम केलं त्यातलं एखादं काम दरवर्षी व्हायला हवं. तुमच्या गुरुजींचं काम सायकलवर गावोगाव जाणं. जयंतीच्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी त्याच वाड्यावस्त्यांवर सायकलने जाऊन शाळा सोडलेल्या मुलींची यादी करावी, त्यांच्या घरी बोलावं. पाहुण्यांचं भाषण ठेवायचं तर ठेवा, पण हे आधी.

जुनं दप्तर

सातारकरांनी अण्णांचा विषय काढला म्हणून अवांतर लिहितो, पण ते इथे लागू आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात सातव्या एडवर्डच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं. त्या प्रकरणात समाजसुधारक अण्णासाहेब लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून तरुण भाऊरावांवर दडपण आलं. त्यांनी ती दिली नाही, तुरुंगात हाल सोसले. ही कहाणी ऐकल्यापासून मला पुतळा म्हटलं की आधी हेच मनात येतं: बादशहाचा पुतळा सरकारने बसवला होता, त्याला राखायला पोलीस लागले. भाऊरावांच्या समाधीला पहारा लागत नाही. वर्गणी ज्यांनी दिली तेच राखतात. म्हणून निधी थोड्या बड्या देणगीदारांकडून घेऊ नका. ज्या घरांची नावं गुरुजींच्या वहीत आहेत त्या घरांकडे आधी जा, दहा-वीस रुपये का देईनात.

करवीरकन्या

वा! आणि त्या वहीतली नावंच दगडावर कोरा. देणगीदारांच्या यादीत आत्ताचे नकोत, तेव्हाचे. 'ज्वारी दोन पायली' असं लिहिलंय तर तसंच.

पहिला बाक

मंडळी, काल समितीत विहिरीचा आणि वहीचा विषय मांडला. अपेक्षा नव्हती, पण वयस्कर सदस्यांनीच उचलून धरला. एकाच्या वडिलांचं नाव वहीत निघालं. मेघडंबरी आणि कारंजं रद्द. पुतळा विहिरीशी. अनावरण कोणाच्या हस्ते, हा मुद्दा मात्र अजून अडलाय, त्यात मी सध्या पडत नाही. अनावरणाची पाटी वेगळी, छोटी, चौथऱ्याच्या मागच्या बाजूला, एवढं मात्र मान्य करून घेतलं.

समोरच्या पाटीचा मजकूर माझ्याकडे आलाय. समितीचा मसुदा असा होता:

*"शिक्षणमहर्षी, ज्ञानतपस्वी, दीनदलितांचे कैवारी, थोर समाजसुधारक कै. (नाव) यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन."*

माझा मसुदा:

*"(नाव), जन्म (साल), मृत्यू (साल). प्राथमिक शिक्षक. या परिसरातील मुलामुलींना कॉलेजचे शिक्षण गावातच मिळावे म्हणून त्यांनी या विहिरीखालची आपली सर्व जमीन दिली आणि सायकलवरून गावोगाव फिरून धान्य, पैसा व श्रम गोळा केले. त्यातून हे महाविद्यालय उभे राहिले."*

काय वाटतं?

वडाचा पार

दुसराच. पहिला मजकूर कोणत्याही कॉलेजात कोणाच्याही पुतळ्याखाली चालेल. 'आपली सर्व जमीन' हे खरं असेल तर त्यातच सगळं आलं.

तास क्रमांक तीन

मजकूर छान आहे. पण गुरुजींची बायको कुठे आहे? सगळी जमीन दिल्यावर घर कोणी चालवलं? सातारकरांनी वर लक्ष्मीबाईंचं लिहिलंय म्हणून विचारते.

पहिला बाक

हा प्रश्न मी त्यांच्या मुलीला विचारला. आजीबाई आता सत्तरीत आहेत. म्हणाल्या, "आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. मळा आमचा होता तेव्हा बायका आमच्याकडे खुरपायला यायच्या, नंतर आई त्यांच्या बरोबरीने जायची. कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र कॉलेजात घातलंच तिने." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

मजकुरात असं घालते: *"त्यांच्या पत्नी (नाव) यांनी त्यानंतर शेतमजुरी करून संसार चालवला."* समितीतल्या एकाला 'शेतमजुरी' खटकतंय, कमीपणा वाटतो म्हणे. मी मुलीला पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "तेच लिही."

सातारकर

तेच लिहा. एक अक्षर बदलू नका.

जुनं दप्तर

असंच म्हणतो. आणि पत्नीचं नाव गुरुजींच्या नावाएवढ्याच आकारात.

ओतारी

मजकूर ठरला असेल तर दगडाचं सांगतो. पितळी पाटी नको, चोरीला जाते. संगमरवर उघड्यावर काही वर्षांत झिजतो आणि शिशाची अक्षरं गळतात. काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट घ्या. नुसतं खरवडून रंग भरलेली अक्षरं नकोत, रंग उडाला की पाटी आंधळी होते. अक्षर खोल, आत तिरक्या उताराचं कोरा, म्हणजे रंग गेला तरी सावलीने वाचता येतं.

आपल्या लिपीत वर रफार, अनुस्वार, वेलांट्या आणि खाली उकार असतात. कोरणारे दगड वाचवायला ओळी जवळ घेतात आणि मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अंतर भरपूर ठेवायला सांगा. माणूस पाच-सहा फुटांवरून वाचणार असेल तर अक्षर पाऊण इंचापेक्षा लहान नको. पाटी उभी भिंतीसारखी न लावता जराशी मागे कललेली ठेवा, पण पाणी साचणार नाही अशी.

आणि कोरायच्या आधी पूर्ण मापात कागदावर छापून त्या जागी चिकटवा. आठवडाभर राहू दे. मुलांना, शिपायांना, गुरुजींच्या मुलीला वाचायला लावा. शुद्धलेखनाच्या चुका तेव्हाच निघतात.

पहिला बाक

छापायला टाकलंय, सोमवारी लावते. विहिरीभोवतीची बाकडी एनएसएसच्या मुलांनी काल हलवली, थारोळ्याचा दगड धुतला. वही स्कॅन झाली. त्यातल्या काही गावांची नावं लागत नाहीयेत, अक्षर पुसट आहे. मोडी आणि जुनं देवनागरी वाचता येणारं कोणी इथे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पानं पाठवते.

जुनं दप्तर

मला पाठवा. मोडी येते.